प्रकाश डब्यात भरून ठेवता येतो का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात मी इतिहासाची साधने हा विषय शिकवीत होते. ताम्रपट, शिलालेख, हस्तलिखिते, त्यांच्या नकला आणि नकला करताना शिरलेल्या चुका यांवर बोलणे चालले होते. एवढ्यात शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. चालू विषयाशी काडीचाही संबंध नाही असे वाटावे असा प्रश्न तिने विचारला, “मॅडम, प्रकाश डब्यात भरून ठेवता येतो का?”

वर्ग हसला. मीही हसले. “नाही बाळ, दिवा मालवला की प्रकाश संपला,” असे सांगून मी पुढचा मुद्दा घेतला. ती मुकाट्याने खाली बसली. तिच्या वहीत या विषयावरील वर्तमानपत्राचे एक कात्रण होते आणि ते दाखवण्यासाठीच ती उभी राहिली होती, हे मला वसतिगृहाच्या अधीक्षिकांकडून पुढे महिन्याभराने कळले. तोपर्यंत तिने ते दाखवण्याचा नाद सोडला होता.

माझे उत्तर चुकीचे होते. मी ते दिले त्याच्या कितीतरी आधी, २००१ सालीच, अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी प्रकाशाचा स्पंद अणूंच्या वायूत थांबवून, ठेवून, पुन्हा बाहेर काढून दाखवला होता. ती विद्यार्थिनी आता आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे आणि ही स्मरणिका तिच्या हाती पडेल. संपादक मंडळाने मला “इतिहासावर काहीतरी लिहा” असे सुचवले तेव्हा मी हा विषय मागून घेतला तो त्यासाठी. मी विज्ञानाची पदवीधर नाही, इतिहासाची एम.ए. आहे. पुढे जे लिहिले आहे ते वाचून, आणि शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांना पुष्कळ त्रास देऊन, समजून घेतलेले आहे.

प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतो. काचेत त्याचा वेग सुमारे २ लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. जो पदार्थ इतक्या वेगाने धावतो आणि ज्याला स्थिर असे वस्तुमानच नाही, त्याला धरून ठेवणे दूरच, नळीतून नेणेसुद्धा माणसाला उशिरा साधले. १८४१ साली जिनिव्हात दानिएल कोलादों यांनी पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला. धारेच्या कडेवर प्रकाश पुन्हा पुन्हा आत परावर्तित होतो आणि धार जिकडे वाकेल तिकडे जातो. दहावीच्या पुस्तकातील ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ ते हेच. पाण्याच्या जागी काचेचा केसासारखा तंतू आला की प्रकाशतंतू, म्हणजे आपण ज्याला ऑप्टिकल फायबर म्हणतो तो, तयार होतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करणारे तेच. २००९ सालचे नोबेल पारितोषिक मात्र प्रकाशतंतूंच्या कामासाठी चार्ल्स काओ यांना मिळाले. काओंचे काम मोठे होते यात शंका नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरीही अशा जागी क्षणभर थांबावे, एवढेच.

काओंनी १९६६ साली काय सांगितले ते पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच गिळला जाई. दोष काचेचा नसून तिच्यातील लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे, काच शुद्ध केली आणि एका किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश जरी शिल्लक राहिला तरी दूरध्वनीचे काम भागेल, असे त्यांनी गणिताने मांडले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवली. आजच्या चांगल्या तंतूत एका किलोमीटरनंतर शंभरातील पंचाण्णव भाग प्रकाश उरतो. आपल्या मोबाईलवरील बोलणे, बँकेचे व्यवहार, परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा हे सारे जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून याच काचेतून येते.

पंचाण्णव टक्के ऐकून समाधान वाटते, पण हे टक्के प्रत्येक किलोमीटरला पुन्हा कापले जातात. १०० किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग उरतो, २०० किलोमीटरनंतर दहा हजारांतील एक. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर वर्धक बसवलेले असतात. क्षीण झालेला संकेत आत येतो आणि जोमदार होऊन पुढे जातो. संकेताचा जो एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आत आला त्याचे तिथे अनेक फोटॉन होतात. साध्या भाषेत सांगायचे तर वाटेत नकला काढल्या जातात.

माझ्या त्या दिवसाच्या पाठाशी हा विषय इथे येऊन मिळतो. आमच्या शास्त्राचा सारा डोलारा नकलांवर उभा आहे. पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक फुटका तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा भाग आहे हे ओळखता आले, कारण तोच मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी अधिक चांगल्या स्थितीत उभा होता. अशोकाने एकच प्रत कोरवली असती तर सोपाऱ्याचा दगड आज बोलला नसता. भारतात नष्ट झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ तिबेटी आणि चिनी भाषांतरांमुळे वाचले. टिकवायचे असेल तर प्रती काढा, हा आमचा पहिला धडा.

निसर्गाच्या अगदी मुळाशी मात्र हा धडा चालत नाही. एकट्या फोटॉनच्या अंगी असलेली अज्ञात पुंजअवस्था, म्हणजे त्याची क्वांटम स्थिती, तंतोतंत दुसऱ्या कणावर उतरवून घेता येत नाही. वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ साली हे सिद्ध केले. हे यंत्राच्या अपुरेपणाचे फळ नव्हे. यंत्र कितीही सुधारले तरी ते होणार नाही, असा हा प्रमेय आहे. पाहायला गेलो की मूळ स्थिती मोडते, आणि न पाहता नक्कल काढण्याची तर सोयच नाही.

या अडचणीतून एक विलक्षण उपयोग निघाला. ज्याची नक्कल काढता येत नाही, ते वाटेत कोणी चोरून वाचले तर लपून राहत नाही. चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार यांनी यावर आधारलेली गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत मांडली ती १९८४ साली, आणि ती ज्या परिषदेत मांडली गेली ती भरली होती आपल्या बेंगळुरूत. आज जगभर ती पद्धत त्या दोघांच्या आद्याक्षरांनी आणि त्या सालाने ओळखली जाते, स्थळाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

किल्ली एकट्या फोटॉनांनी पाठवायची, म्हणजे वाटेत वर्धक चालणार नाही, कारण वर्धक नकला काढतो. मग हिशोब भीषण होतो. समजा आपण सेकंदाला हजार कोटी फोटॉन तंतूत सोडतो आहोत. ५०० किलोमीटरवर सेकंदाला सरासरी एक फोटॉन पोहोचेल. हे चालण्यासारखे आहे. अंतर १,००० किलोमीटर केले तर एक फोटॉन पोहोचायला सरासरी ३०० वर्षांहून अधिक काळ लागेल. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजून स्वतः गुणाकार करून पाहिला. चूक नव्हती.

यावर १९९८ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रूक येथे संशोधन करणाऱ्या ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी तोड सुचवली. लांब अंतराचे छोटे टप्पे करावेत. प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना आधी एकमेकांत गुंतलेल्या कणांनी जोडून घ्यावे आणि मग हे टप्पे एकमेकांना सांधत जावे. यात कुठेही नक्कल काढली जात नाही. पण प्रत्येक टप्पा यशस्वी होणे हा नशिबाचा भाग आहे. पहिला टप्पा आत्ता जुळेल, शेजारचा हजार प्रयत्नांनंतर जुळेल. एस.टी.च्या स्थानकावर दोन गावांच्या गाड्यांतून येणाऱ्या माणसांनी एकमेकांना भेटायचे आहे, आणि स्थानकावर थांबायला मुळी जागाच नाही, आल्या पावली परत फिरावे लागते, अशी कल्पना करा. दोन्ही गाड्या नेमक्या एकाच क्षणी आल्या तरच भेट होईल. तिथे साधा निवारा बांधला, आधी आलेला माणूस बाकावर बसून राहिला, की काम सोपे झाले. फोटॉनसाठी असा निवारा म्हणजे पुंजस्मृती, क्वांटम मेमरी. प्रकाश साठवण्याचा सारा खटाटोप मुख्यतः त्यासाठी आहे. रात्रीच्या अभ्यासाला उजेड पुरावा म्हणून हे चाललेले नाही, हे आमच्या वसतिगृहातील मुलांसाठी स्पष्ट करते!

मग तंतूचेच मोठे वेटोळे करून प्रकाश त्यात फिरत का ठेवू नये? एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, थांबवण्यासाठी २०० किलोमीटर तंतू लागेल आणि बाहेर येताना दहा हजारांतील एकच फोटॉन उरेल. शिवाय बाहेर येण्याची वेळ आधीच ठरलेली. निवारा असा हवा की ज्यात बसता येईल आणि बोलावले की उठून निघता येईल.

तो सापडला अणूंमध्ये. हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी वर्णपटातील रेषांवरून १८६० साली सिझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली. एकाच्या रेषा आकाशी निळ्या, दुसऱ्याच्या गडद तांबड्या, आणि नावेही लॅटिनमधील त्याच रंगांवरून दिलेली. हे दोन्ही धातू मऊ आहेत. सिझियम साडेअठ्ठावीस अंशांना वितळते, म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यात ते बाटलीत द्रवच राहील. त्याची थोडी वाफ बंद काचपात्रात सहज मिळते. या वाफेतील प्रत्येक अणू अगदी ठरावीक रंगाचा प्रकाशच घेतो, आणि जगातील सगळे सिझियम अणू एकमेकांशी तंतोतंत सारखे असतात. याच भरवशावर १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बेतलेली आहे.

आता प्रत्यक्ष साठवण कशी होते ते सांगते. अणूला खाली बसायला दोन जागा आहेत आणि वर एक, असे समजा. साठवायचा प्रकाश पहिल्या खालच्या जागेवरून वर उचलू पाहतो. एरवी अणू तो गिळून टाकतो आणि थोड्या वेळाने वाटेल त्या दिशेला फेकून देतो. प्रकाश गेला, निरोपही गेला. पण त्याच वेळी दुसरा एक प्रखर लेझर, ज्याला नियंत्रक म्हणू, दुसरी खालची जागा आणि वरची जागा यांना जोडत असेल, तर वर जाण्याच्या दोन वाटांच्या लहरी एकमेकींना रद्द करतात. अणू वर जातच नाही. काळी असलेली वाफ त्या रंगाला अचानक पारदर्शक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन हॅरिस यांच्या गटाने हे १९९०च्या सुमारास दाखवले. या पारदर्शकतेचा दुसरा परिणाम असा की, तिच्यातून जाणाऱ्या स्पंदाची गती कमालीची मंदावते.

किती मंदावते? १९९९ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या लेने हाउ या विदुषीने अमेरिकेतील केंब्रिज येथे अतिथंड सोडियमच्या ढगात प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. म्हणजे चांगल्या रस्त्यावरची सायकल शर्यत. तो ढग ज्या अवस्थेत होता तिला बोस-आइन्स्टाइन संघनित म्हणतात, आणि त्यातील बोस म्हणजे १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पत्र पाठवणारे सत्येंद्रनाथ बोस. हवेत किलोमीटरभर लांबीचा असलेला स्पंद या गतीला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा आखडतो आणि ढगात पूर्ण मावतो.

यापुढची पायरी म्हणजे स्पंद आत असताना नियंत्रक प्रकाश बंद करणे. ही पायरी मला लेझीमच्या उदाहरणाने समजली, म्हणून तेच देते. मैदानावर शेकडो मुले लेझीम खेळत आहेत आणि हलगी वाजते आहे. ठेका कोणा एका मुलाच्या पायात नसतो, तो साऱ्या मैदानात पसरलेला असतो. हलगी थांबली तरी काही काळ मुलांच्या पायांत ठेका राहतो. नियंत्रक प्रकाश ही हलगी. येणारा स्पंद मैदानाच्या चालीत एक बारीक बदल करतो. हलगी थांबवली की स्पंदाचा प्रकाश नाहीसा होतो, पण त्याने घडवलेला बदल अणूंच्या दोन खालच्या जागांमधील ठेक्याच्या रूपाने उरतो. हलगी पुन्हा वाजू लागली की त्या ठेक्यातून तोच स्पंद, त्याच दिशेने, पुन्हा जन्म घेतो. हाउ यांच्या गटाने, आणि रोनाल्ड वॉल्सवर्थ व मिखाइल लुकिन यांच्या गटाने साध्या तापवलेल्या रुबिडियमच्या वाफेत, हे २००१ साली करून दाखवले.

तेव्हा शब्द जपून वापरला पाहिजे. वर्तमानपत्रांनी “प्रकाश गोठवला” असे मथळे दिले. गोठत काही नाही. साठवणीच्या काळात पात्रात तो प्रकाश नसतो, त्याची अणूंनी धरलेली नोंद असते. आणि एकच फोटॉन साठवला तर? मैदानावरील असंख्य मुलांपैकी एकाच मुलाचे एकच पाऊल बदलले, पण ते कोणाचे हे सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही असे नव्हे. तो बदल खरोखरच सगळ्यांचा मिळून असतो. कोणाचा ते शोधायला गेलो तर ठेका मोडतो आणि फोटॉन परत मिळत नाही. या ओळीशी मी बरेच दिवस अडखळले होते. वाचकही अडखळला तर त्याने संकोच करू नये.

आता प्रकाशतंतूकडे परत येऊ, कारण हे दोन धागे जिथे एकत्र येतात तेच आजचे संशोधन आहे. फोटॉन आणि अणू यांची गाठ पक्की पडायला दोन गोष्टी हव्यात. झोत बारीक हवा आणि अणूंचा रस्ता लांब हवा. मोकळ्या पात्रात हे दोन्ही एकदम मिळत नाही, कारण झोत जितका बारीक करावा तितका तो पुढे लवकर पसरतो. तंतूत प्रकाश पसरत नाही. तेव्हा तंतूच पोकळ करून त्यात वाफ भरली तर? अडचण अशी की नेहमीच्या तंतूत मधला गाभा दाट काचेचा आणि भोवतालचे आवरण विरळ काचेचे लागते. पोकळी तर काचेहून विरळ, मग प्रकाश आत राहील कसा? इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात फिलिप रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याचे उत्तर करून दाखवले. मधल्या पोकळीभोवती काचेत शेकडो सूक्ष्म छिद्रांची नियमित जाळी ठेवायची. ती जाळी ठरावीक रंगांना बाहेर पडूच देत नाही. त्यातील एका जाळीला ‘कागोमे’ असे जपानी नाव आहे. बांबूच्या टोपलीच्या विणीचे ते नाव. आपल्याकडे बुरूड कारागीर कोंबड्या झाकायला डालगे विणतात, त्यातील षट्कोनी छिद्रांची वीण पाहिलेल्या माणसाला ती आकृती ओळखीची वाटेल. ज्या हातांना कोणी शास्त्रज्ञ म्हटले नाही त्यांच्या विणीचे नाव आज भौतिकशास्त्राच्या निबंधांत आहे, हे मला नोंदवावेसे वाटते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील इयन वॉल्मस्ले यांच्या गटाने २०१४ साली अशाच कागोमे तंतूत सिझियमची वाफ भरून त्यात प्रकाश साठवला. पोकळीची रुंदी २६ मायक्रोमीटर, केसाहून बारीक. अतिथंड करण्याची गरज नाही. साठवले ते सरासरी एका फोटॉनच्या आसपास ऊर्जा असलेले, लेझरचे अतिशय क्षीण स्पंद. ज्या प्रक्रियेने ते साठवले ती चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या नावाने ओळखली जाते. २८ फेब्रुवारीला आपण दरवर्षी शाळेत ज्यांच्या शोधाचा दिवस साजरा करतो, तेच हे रामन. साठवलेल्यापैकी परत मिळाला २७ टक्के. आणि परत आलेल्या उजेडात खरा संकेत आणि गोंगाट यांचे प्रमाण सुमारे २.६ ला १ होते. यश मोठे, पण चारातील तीन वेळा निरोप हरवतो, हेही तितकेच खरे.

शिवाय ठेका टिकत नाही. सिझियमचे अणू सामान्य तापमानाला सेकंदाला दोनशेहून अधिक मीटर वेगाने भिरभिरत असतात. इतक्या अरुंद पोकळीत ते सेकंदाच्या एक कोटीव्या भागातच भिंतीवर आदळतात किंवा झोताबाहेर जातात. मैदान एवढे चिंचोळे की पाऊल टाकताच कुंपण. म्हणजे जी अरुंद वाट अणू आणि प्रकाश यांची गाठ घट्ट करते, तीच साठवणीचा काळ तोडते. मोठ्या पात्रात काळ पुष्कळ वाढतो. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत २०१८ साली सामान्य तापमानाच्या सिझियम वाफेत प्रकाश एक सेकंद ठेवला गेला, आणि जर्मनीतील डार्मश्टाट येथे २०१३ साली अतिथंड स्फटिकात एक मिनिट. पण ते लेझरचे सशक्त स्पंद होते, एकटे फोटॉन नव्हेत. एका प्रयोगातील वेळ, दुसऱ्यातील टक्केवारी आणि तिसऱ्यातील सुटसुटीतपणा एकत्र करून सांगितले की सारे साधले आहे असा भास होतो. बातम्या वाचताना हा घोटाळा फार होतो.

भरण्याचाही प्रश्न आहे. सिझियम हवेला आणि पाण्याला लागताच पेट घेते, म्हणून सारे काम निर्वातात चालते. केसाहून बारीक नळीत वाफ टोकाकडून आत शिरायला कित्येक महिने लागू शकतात, आणि आत शिरलेले अणू काचेला चिकटून बसतात. त्यांना प्रकाशाचाच झोत टाकून भिंतीवरून सोडवावे लागते. यावर दोन वाटा शोधल्या गेल्या. पॅरिस आणि व्हिएन्ना येथील गटांनी २०१५ साली तंतू पोकळ न करता तो ताणून प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक केला, आणि त्याला बाहेरून लगटून असलेल्या थंड अणूंमध्ये साठवण केली. प्रकाश इतक्या बारीक तंतूत मावत नाही, तो अंगाबाहेरून वाहतो. दुसरी वाट बर्लिन आणि येना येथील संशोधकांची. ते काचेच्या बंद भिंतीऐवजी सूक्ष्म छपाईने उभ्या कांबींचा पिंजरा बनवतात. प्रकाश कांबींमधल्या पोकळीतून जातो, अणू मात्र बाजूच्या फटींतून मोकळेपणी आत येतात, आणि महिन्यांचे काम काही दिवसांवर येते.

आणखी एक गाठ सुटायची आहे. सिझियमला ८५२ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, तर दूरवर जाणारे तंतू १५५० नॅनोमीटरला सर्वांत स्वच्छ असतात. ८५२ला तंतूतील घट त्याच्या जवळजवळ दहापट. निवाऱ्यात शिरताना आणि निघताना प्रवाशाने वेष बदलावा तसा फोटॉनचा रंग बदलावा लागतो, आणि प्रत्येक बदलात काही फोटॉन गमावले जातात.

आपल्या देशाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत. २,००० किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन आणि पुंजस्मृती बसवलेले अनेक केंद्रांचे जाळे ही त्याची उघड जाहीर केलेली उद्दिष्टे आहेत. चार मुख्य केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत, पवईला आहे. आमच्या शाळेतील मुलांपैकी किती जणांना पवई ही परीक्षेच्या नकाशाबाहेरची जागा वाटते, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः त्या प्रश्नाला हसले तेव्हा ती जागा एका मुलीसाठी थोडी आणखी दूर सारली, असे मला आज वाटते.

याच विषयाची दुसरी बाजूही पालकांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. आमच्या वस्तीतील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी गुडघेदुखीवर ‘क्वांटम ऊर्जेचे’ पदक विकत घेतले आणि निवृत्तिवेतनातील बरीच रक्कम त्यात घालवली. विकणाऱ्याने त्यांना फोटॉनची गोष्ट सांगितली होती. इतक्या काळजीने बनवलेल्या तंतूत, निर्वातात, लेझरखाली ज्या स्थितीला सेकंदाचा कोटीवा भाग सांभाळताना शास्त्रज्ञांची दमछाक होते, ती गळ्यातील पत्र्यात वर्षानुवर्षे राहते हा दावा ऐकताच संशय यावा. हे सारे प्राचीन काळीच आपल्याकडे माहीत होते, असे सांगणारेही भेटतात. त्यांना मी इतिहासाची शिक्षिका म्हणून एकच विचारते, त्याचे साधन दाखवा. राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेल्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. शोधक बुद्धीचा पहिला हक्क वर्गातील मुलांचा, हे मी उशिरा शिकले.

यंदाच्या नववीला मी हा सारा वृत्तांत सांगितला. एका मुलाने विचारले, “मॅडम, मग डबा उघडून पाहिला तर आत उजेड दिसेल?” मी म्हटले, दिसणार नाही, आत अंधारच असतो, आणि आत काय आहे ते मोजायला गेलो तर नोंद पुसली जाते. तो म्हणाला, “मग प्रकाश आत होता हे कशावरून?” या वेळी मी हसले नाही. विज्ञानाच्या सरांना वर्गात बोलावले. त्यांनी सांगितले की तोच प्रयोग असंख्य वेळा करतात. कधी स्पंद पाठवून, कधी न पाठवता, नियंत्रक प्रकाश पुन्हा लावतात आणि ठरल्या क्षणी बाहेर किती फोटॉन आले ते मोजतात. दोन्ही वेळच्या मोजणीत जो फरक पडतो, तोच पुरावा. मुलाने ते वहीत लिहून घेतले.

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, तिने ते कात्रण अजून जपून ठेवले असेल तर शाळेकडे पाठवावे. इतिहासाच्या खोलीत साधनांचे एक कपाट आहे, त्यात त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.